उपकाराची कोंबडी

मला वाट बघता येत नाही. आई म्हणायची, ह्या पोरीला चुलीवरच्या दुधाजवळ बसवू नये, दुधाच्या आधी हीच उतू जाते. आणि अशा माझ्याच नशिबी अर्धंअधिक वर्ष नुसतं वाट बघण्यात गेलं. तेही शिरूरच्या मिशन कंपाउंडात, जिथे कुणालाच कशाची घाई नसायची.

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि बाजारात दर भाजीवालीशी आण्यांवरून हुज्जत चालायची, तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्याला राहून बी.ए. केलं आणि ज्या शाळेत स्वतः पाटी फोडली होती तिथेच पहिलीच्या मुलींना शिकवायला लागले. वडील मिशनच्या कारखान्यात मुलांना सुतारकाम शिकवायचे. शाळेच्या मुख्य बाई अमेरिकन होत्या, त्यांना आम्ही सगळे मिसबाई म्हणायचो. त्यांनी माझ्यासाठी त्यांच्या मुलखातल्या एका कॉलेजाला लिहिलं, आणि पावसाळा संपता संपता तिथून होकार आला. लहान मुलांना कसं शिकवावं याचा दोन वर्षांचा अभ्यास होता. राहणं-जेवण कॉलेज बघणार, प्रवास मिशन बघणार. अट एकच होती. इथल्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, ‘हिला आम्ही पाठवतो’ असं नाताळच्या आत कळवायचं. नाही कळवलं तर ती जागा दुसऱ्या देशातल्या कुणाला तरी जाणार होती.

मंडळीने कळवायचं म्हणजे पंचांनी ठरवायचं. आमच्याकडे पाच-सात वडीलधारी माणसं चर्चचा कारभार बघायची, त्यांना पंच म्हणत. ही माणसं वाईट नव्हती. पण कुणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. एखादी गोष्ट करायची नसली की ते म्हणत, ‘आपण हे प्रार्थनेत ठेवू.’ विहिरीचा गाळ काढायचं प्रार्थनेत ठेवलं होतं. शाळेच्या गळक्या कौलांचं प्रार्थनेत ठेवलं होतं. एका विधुर मास्तरांनी दुसरं लग्न करायची परवानगी मागितली होती, तीही प्रार्थनेत ठेवता ठेवता मास्तर निवृत्त झाले. कंपाउंडातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं, की प्रार्थनेत ठेवलेलं घोंगडं भिजतच राहतं.

पहिल्या बैठकीनंतर वडील घरी आले, कोट खुंटीला अडकवला, आणि म्हणाले, “प्रार्थनेत ठेवलंय.”

माझे वडील स्वतः त्या पंचांपैकी एक होते. मी विचारलं, “पण तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? माझ्या मुलीचा प्रश्न आहे. मी गप्प बसलो.”

मला इतका राग आला, की मी जेवणाचं ताट तसंच सारून उठले. आईने ते उचललं आणि झाकून ठेवलं. ती सहसा बोलतच नसे. ती लग्न होऊन भीमेकाठच्या एका खेड्यातून आली होती, आणि कंपाउंडातल्या शुद्ध बोलणाऱ्या बायकांपुढे आपली बोली निघेल म्हणून चर्चमध्ये तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.

अडचण कुठे होती ते सगळ्यांना माहीत होतं. पंचांमधले जे थोरले होते, ज्यांना सारी मंडळी आबा म्हणायची, त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्या आधी असाच मिशनकडून शिकायला गेला होता. दोन वर्षांसाठी गेला तो तिकडचाच झाला. एक फोटो आला होता, गोरी बायको आणि मागे लांबलचक मोटार. आबांनी तो फोटो एकदा सगळ्यांना दाखवला, मग पुन्हा कधी दाखवला नाही. त्यांच्यासमोर अमेरिकेचा विषय निघाला की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे. आता अशा माणसापुढे कोण म्हणणार, की आबा, आणखी एक पाठवू या?

मला तेव्हा त्यांची दया वगैरे काही आली नाही. मला एवढंच दिसत होतं, की यांच्या मुलाने केलं आणि भरायचं मी.

ठरलं काहीच नव्हतं, पण सल्ले मात्र धो धो सुरू झाले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी गत. शिरूरमध्ये ज्याने त्याने मला परदेशात कसं वागावं ते सांगितलं, आणि सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नगरच्या पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं. शाळेच्या शिपाईमामांनी सांगितलं, की बोटीत डाव्या कुशीवर झोपावं. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, तिकडे बायका पायात मोजे घातल्याशिवाय दारातसुद्धा येत नाहीत, आतापासून सवय कर. म्हणून मी दुपारच्या उन्हात जाड मोजे घालून शाळेत गेले, आणि दिवसभर मुली वाकून वाकून माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

आमच्याकडे दूध घालायला एक शेतकरी यायचे, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. घोडनदीच्या काठाला त्यांची जमीन होती, नव्या सोसायटीत त्यांचं वजन होतं. ते चरवी खाली ठेवून उकिडवे बसले आणि म्हणाले, “बाई, म्या काय शिकल्याला न्हाई. पर एक सांगतो. तिकडं गेल्यावर तुमचं गाव केवढं आसं कुनी इचारलं, तर धाकटं करून सांगू नगा. न्हाई तर मान्सं आपल्या गावाला हसून घेत्यात, आन् मग आपल्याला बी सवं लागती हसायची.”

एवढ्या सल्ल्यांत हा एकच मला पुढे उपयोगी पडला. पण तेव्हा मी त्यांनाही फाडकन म्हणाले, “आप्पा, आधी जाऊ तर द्या.”

कपड्यांचा घोळ तर फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकला असता. दर नाताळला अमेरिकेतल्या चर्चांकडून मिशनला जुन्या कपड्यांच्या पेट्या यायच्या. त्यातले कोट आमचे म्हातारे थंडीत घालायचे, झग्यांच्या उशांच्या खोळी व्हायच्या. तीन पिढ्या आम्ही अमेरिका बघितली ती त्या पेट्यांमधून. त्यामुळे तिकडे काय घालतात हे आपल्याला पुरतं ठाऊक आहे असं कंपाउंडातल्या बायकांना वाटायचं. त्यांनी आपापल्या ट्रंकांच्या तळाशी जपलेलं एकेक काढून आणलं. पिसाची टोपी, कोपरापर्यंतचे हातमोजे, मण्यांची कॉलर असलेला एक जांभळा झगा. दौंडच्या आत्याने तो माझ्या मापाचा करून दिला. मी तो घालून मिसबाईंच्या बंगल्यावर गेले. त्यांनी मला बघितलं, आणि तोंडावर रुमाल धरून त्या आत निघून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, हसून की कशाने ते मला कळलं नाही.

“माझ्या आईकडे असा झगा होता,” त्या म्हणाल्या. “आता असे कपडे फक्त नाटकात घालतात. तू तुझी लुगडी घेऊन जा. आणि दोन चांगले स्वेटर.”

मग त्यांनी मला समोर बसवून चहा दिला, आणि माझ्यापुढे केक सरकवून विचारलं, हवा का. मी अर्थातच नको म्हटलं. त्यांनी बशी उचलून कपाटात ठेवून दिली. मी बघतच राहिले, कारण मला केक हवा होता. आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा, हे त्यांना इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं असं थोडंच.

“तिथे दुसऱ्यांदा कोणी विचारणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “हवं असेल तर हो म्हणायचं. हा मी तुला देणारा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे.”

मी चिडून म्हणाले, “मग तुम्हीच पंचांना सांगा ना, हिला पाठवा म्हणून. मला हवं आहे.”

त्यांनी कप खाली ठेवला. मिशनने त्या सुमारास सगळा कारभार आमच्या लोकांच्या हाती द्यायला सुरुवात केली होती. “इतकी वर्षं आम्ही हुकूम दिले,” त्या म्हणाल्या. “आता ठरलं आहे, की तुमचे निर्णय तुम्ही घ्यायचे. पहिल्याच निर्णयात मी हात घातला, तर मग काय उरलं?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण सगळ्यांची तत्त्वं नेमकी माझ्याच वेळी कशी जागी होतात, ते मला समजत नव्हतं.

दिवस जात होते. वर्गात मुलींना बेरीज शिकवता शिकवता मी खिडकीबाहेर बघायची, पंचांपैकी कुणी बंगल्याकडे चाललंय का. रात्री अंथरुणावर तळमळायची. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मला घर खायला उठलं, म्हणून मी आत्याकडे दौंडला गेले.

आत्याचे यजमान रेल्वेत होते, त्यांना लायनीला लागून क्वार्टर होतं. तिथे जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. दिवसभर गाड्या. मनमाडकडे एक, सोलापूरकडे एक, मद्रासची मेल, मुंबईची मेल. भांडी फळीवर थरथरायची आणि आत्या बोलता बोलता थांबून, गाडी गेली की अर्ध्या वाक्यावरून पुन्हा सुरू करायची. मी संध्याकाळी स्टेशनावर जाऊन उभी राहायची. सगळं जग कुठे ना कुठे निघालं होतं. एक म्हातारी पिंजऱ्यात पोपट घेऊन सोलापूरला चालली होती. मनात आलं, पोपटसुद्धा चाललाय.

आत्याचा सल्ला सरळ होता. “आधी लग्न कर. नवरा इथं असला की बाई परत येते. मग पंच पण नाही म्हणणार नाहीत. माझ्या बघण्यात एक आहे, गुड्स क्लार्क, निर्व्यसनी.”

“आणि त्याला दोन वर्षं काय प्रार्थनेत ठेवू?” मी म्हटलं.

आत्या रुसली. मी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने परत निघाले. गाडी रस्ताभर धूळ उडवत, प्रत्येक फाट्यावर कुणाच्या तरी बकरीसाठी थांबत चालली होती, आणि मी मनातल्या मनात वडिलांशी भांडत होते. घरी पोचले तेव्हा ते ओट्यावर बसून रंध्याचं पातं घासत होते. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“बाबा, तुम्हाला मी जायला हवी आहे की नको?”

पातं दगडावर फिरत राहिलं. “आबा माझ्या वडिलांच्या जागी आहेत. मला सुतारकामाला त्यांनी लावलं. त्यांच्या घरात जे झालं, त्यावर मी माझ्या तोंडाने मीठ चोळू?”

“मी आबांचं नाही विचारत. तुमचं विचारते.”

त्यांनी पातं उजेडाकडे धरून बघितलं. “तू परत आली नाहीस तर हिचं काय होईल?” एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी मान स्वयंपाकघराकडे केली. आत आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला.

मी म्हणाले, “मी येईन. दोन वर्षांत येईन.” पण तो फोटो आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढे होता, आणि त्यांनी पातं पुन्हा दगडावर टेकवलं.

बाजऱ्या खळ्यावरून घरात आल्या की आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण व्हायचा. जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत. त्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नसायची. ज्याच्या घरी जे पिकलं, ते त्याने वेदीसमोर आणून ठेवायचं. बाजरीची कणसं, भोपळे, वांगी, अंडी, कोंबड्या. मग उपकारस्तुती. ज्याच्यावर देवाने वर्षभरात काही कृपा केली असेल त्याने उभं राहून ती सांगायची, आपलं दान पुढे ठेवायचं, मंडळीने आमेन म्हणायचं आणि गीताचं एक कडवं म्हणायचं. उपासना संपली की बाहेर लिंबाखाली त्या सगळ्या दानांचा लिलाव व्हायचा. पहिली बोली नेहमी थोरल्या पंचांची. तो मान होता, आणि त्याचा अर्थ असा, की ह्या उपकारात सारी मंडळी सहभागी आहे.

त्या वर्षी मी मागच्या बाकावर बसले होते. नाताळ महिन्याभरावर आला होता आणि मी आशा सोडली होती. एकाने विहिरीला पाणी लागलं म्हणून आभार मानले. एकीचा मुलगा टायफॉइडमधून उठला होता. पाळकसाहेब समारोपाची प्रार्थना सुरू करणार, एवढ्यात बायकांच्या बाजूने कुणी तरी उभं राहिलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, काखेत पाय बांधलेली आमची तांबडी कोंबडी.

माझी आई होती.

मला वाटलं तिला बरं वाटत नसेल, म्हणून बाहेर निघाली असेल. पण ती वेदीपर्यंत गेली. तिने कोंबडी भोपळ्यांच्या शेजारी ठेवली, मंडळीकडे तोंड केलं, आणि आपल्या खेड्यातल्या बोलीत, मोठ्याने बोलली.

“देवाचं उपकार मानते. माझी लेक परदेशी शिकाया जानार, म्हनून मानते. पंचांनी प्रार्थनेत ठिवलं व्हतं. देवानं ऐकलं. पंचांचं बी उपकार.”

मी वडिलांकडे बघितलं. ते समोर पंचांच्या बाकावर होते आणि त्यांनी डोळे मिटले होते. पाळकसाहेबांनी आबांकडे बघितलं. पण माणसाची सवय मोठी असते. इतकी वर्षं प्रत्येक साक्षीनंतर पाळकसाहेब जे म्हणत आले, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

“आमेन,” ते म्हणाले.

आणि सगळी मंडळी म्हणाली, आमेन. पेटीवाल्याने भाता दाबला, कडवं सुरू झालं. मला गाता येईना. गीताचं पुस्तक मी मिटून बाकावर ठेवलं. दिलेलं दान परत घेता येत नाही आणि मानलेले उपकार परत घेता येत नाहीत, एवढं आमच्यातल्या लहान मुलांनाही शिकवलेलं असतं. पण पंच मनात आणतील तर म्हणू शकले असते, की बाईचा गैरसमज झाला. खेड्यातली बाई, तिला काय कळतं. असं म्हणून त्यांनी सहज मोडून काढलं असतं, आणि सगळ्यांना ते पटलंही असतं.

बाहेर लिंबाखाली भोपळे गेले, वांगी गेली, अंड्यांची टोपली गेली. मग लिलाव पुकारणाऱ्याने कोंबडी उचलली, आणि तो थांबला. पहिली बोली आबांची. आबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. कोंबडी ओरडत होती. मला वाटलं, हा म्हातारा आता काही बोलणार नाही, चष्मा पुसतच राहणार आणि मी ह्या लिंबाखाली म्हातारी होणार. मला ओरडावंसं वाटलं. आई मात्र पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती.

आबांनी चष्मा घातला. आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आणि त्यांनी बोली लावली. हलक्या आवाजात, पण लावली.

लगेच माझ्या वडिलांनी दुप्पट बोली लावली. त्यांचा आवाज इतका मोठा आला, की ते स्वतःच दचकले. आपल्याच घरची कोंबडी आपणच दुप्पट बोली लावून घेणारा माणूस मंडळीने त्याआधी पाहिला नव्हता. कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले, आबासुद्धा थोडे हसले. माझ्या वडिलांनी त्यांच्या आयुष्यात मला ‘जा’ असं शब्दांत कधी म्हटलं नाही. ते त्यांनी त्या बोलीत म्हटलं.

संध्याकाळी पंच बसले, त्यांनी होकार लिहून दिला, आणि मिसबाईंनी रात्रीच्या आत कॉलेजाला कळवून टाकलं. बहुधा त्यांनाही वाट बघवत नव्हती.

त्यानंतर मी आईला कितीदा विचारलं, की तुला खरंच वाटलं होतं का सगळं ठरलंय म्हणून? ती प्रत्येक वेळी काहीतरी कामाला लागायची. तांदूळ निवडायची, चुलीत फुंकर घालायची. एकदा मी तिचा हातच धरला तेव्हा म्हणाली, “तुमच्यात न्हाई म्हनाया येत न्हाई ना? मंग म्या इचारलंच न्हाई.” लग्न होऊन आल्यापासून तिचा अर्धा जन्म कंपाउंडात गेला होता, तरी ती ‘तुमच्यात’ म्हणाली.

निघायचा दिवस वैशाखातला होता. पुण्याला मुंबईच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, दौंडला मी बसवून देतो, असं आत्याच्या यजमानांनी ठासून सांगितलं होतं, म्हणून आम्ही सगळे एस.टी.ने दौंडला गेलो. प्लॅटफॉर्म तव्यासारखा तापला होता. आत्याने लसणाची चटणी, सुंठ आणि पुन्हा एकदा तो गुड्स क्लार्क पुढे केला. आबा आले नव्हते. पण त्यांनी वडिलांजवळ निरोप दिला होता, की बोटीतून उतरल्यावर आपल्या पोराला भेटायला जाऊ नकोस, तो तुला त्याच्या घरी नेऊन जेवू घालेल, आणि मग तुझं मन तिकडेच लागेल. हा आणखी एक सल्ला. सगळ्यांत जास्त दुखलेला माणूस देतो तसा. तोवर माझ्या मनात त्यांच्याबद्दल उरलासुरला जो राग होता, तो तिथे प्लॅटफॉर्मवर गेला.

गाडी आली. वडिलांनी डब्याच्या दारात उभं राहून प्रार्थना सुरू केली. समुद्रासाठी केली, बोटीच्या कप्तानासाठी केली, कॉलेजातल्या शिक्षकांसाठी केली. गार्डने शिट्टी दिली तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. थांबलो तर ही जाईल, असं त्यांना वाटत असावं. शेवटी आत्याच्या यजमानांनीच मोठ्याने आमेन म्हटलं आणि त्यांना बाजूला ओढलं.

आई खिडकीशी होती. तिने गजांतून हात घालून माझं मनगट धरलं होतं. मी म्हणाले, “दोन वर्षं. बघता बघता जातील. मी येते.”

“आसं म्हनू नगं,” ती म्हणाली.

“का?”

“म्या तुझ्या जायाचं उपकार मानल्यात. यायाचं न्हाई मानलं.” गाडी हलली. ती गाडीबरोबर चालायला लागली, आणि चालता चालता, मला नीट ऐकू यावं म्हणून, जरा मोठ्याने म्हणाली, “मुद्दाम न्हाई मानलं.”

मग तिने मनगट सोडलं.

मी खिडकीतून मागे बघत राहिले, पण वळणावर धूर मध्ये आला. वडिलांना जी भीती होती, आबांना जी भीती होती, तीच तिलाही होती. ती भीती तिने सगळ्यांच्या आधी मनात धरली होती, आणि तरी कोंबडीचे पाय बांधले होते, माझे नाही. हे मला तिथेच कळलं, आणि मी हमसून हमसून रडले. समोरच्या बाकावरच्या बाईने मला पाणी दिलं आणि विचारलं, सासरी चाललीस का गं? केडगाव गेलं, यवत गेलं, तरी माझं रडू थांबेना. गाडी रमतगमत चालली होती, प्रत्येक सिग्नलला थांबत होती. आणि रडता रडतासुद्धा मला वाटत होतं, की ही मेली जरा जोरात का जात नाही.